पोरीला नंबर आला

बसा निवांत. चहा टाकलाय, तो येईपर्यंत माझ्या फजितीचा एक किस्सा सांगतो. नाहीतरी आमच्या घरातलं कुणी ना कुणी तुम्हाला तो सांगणारच आहे. मग त्याला तिखटमीठ मीच लावलेलं बरं!

पेढे वाटून माणसाची शोभा झालेली तुम्ही कधी बघितलीय? नाही ना? मी करून दाखवली. अख्ख्या जिंतुरात!

तेव्हा मी जिंतूरच्या तहसील कचेरीत कारकून होतो. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती आणि आता तर आम्ही मुंबई राज्यात गेलो होतो. कचेरीतली उर्दू गेली, मराठी आली. तिकडं येलदरीला पूर्णेवर धरणाचं काम चाललेलं आणि इकडं मी बालबोध अक्षर घोटत बसलेलो. कागद अगदी नाकाला लावून लिहायचो. बघणारे म्हणायचे, किसनराव कामात कसे बुडालेले असतात! खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटायचं.

आमचं घराणं मेंढपाळांचं. आबा, म्हणजे माझे वडील, तेव्हाही मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडत होते. अशा घरातला मी कचेरीच्या खुर्चीवर कसा येऊन बसलो? त्याची एक गोष्ट होती आणि ती मी ऐकवल्याशिवाय कुणाला सोडत नसे. गावात कुणाचं पोर शाळेत जात नव्हतं, तेव्हा आबांनी माझी हुशारी हेरली! मेंढरांमागून उचलून मला थेट मदरशात, म्हणजे तेव्हाच्या सरकारी उर्दू शाळेत, नेऊन बसवलं! ही गोष्ट मी कचेरीत सांगायचो, सोयऱ्यांत सांगायचो, न्हाव्यापुढं मान खाली घालूनसुद्धा सांगायचो. आमच्या मंडळींना, गयाला, ती इतकी पाठ झाली होती की मी नुसतं "आबांनी" म्हटलं की ती "हुशारी हेरली" एवढं म्हणून चुलीकडं निघून जायची.

आणि खरंच, शाळेत मी कायम अव्वल. पहिला नंबर कधी सोडला नाही. अगदी पुढं, मास्तरांच्या टेबलाला गुडघे टेकवून बसायचो, म्हणजे बघा!

आता लोकांच्या माझ्याबद्दल तक्रारीही होत्या, नाही कशाला म्हणू? लांबून रामराम घातला तर हा गडी बघत नाही, खुर्ची मिळाल्यापासून मस्ती आलीय, वगैरे. मस्ती कसली हो? मी आपल्या विचारात असायचो! एकदा नायब तहसीलदार समोरून आले तर मी त्यांना ओळख दिली नाही आणि त्यांच्या पलीकडच्या खांबाला वाकून नमस्कार केला. तोही विचारातच. एस.टी.ची पाटी मला कधी वाचता आली नाही, त्याचंही कारण उघड होतं. मी उर्दू शिकलेला आणि पाट्या झाल्या बालबोधीत! त्या उर्दूत होत्या तेव्हा का वाचता येत नव्हत्या, असं गयानं एकदा विचारलं होतं. तेव्हा गर्दी फार असायची.

आमची शारदा तेव्हा चौथीत होती. एकुलती एक, सावळी, शांत. पुस्तक मिळालं की कोपऱ्यात जाऊन बसायची आणि त्यात नाक खुपसायची. मी गयाला म्हणायचो, "बघ, हुबेहूब बापावर गेलीय!" हे वाक्य जरा ध्यानात ठेवा.

तर एकदा बाजाराच्या दिवशी मी भाजी घेऊन येत होतो. समोरून एक पांढरी टोपी येताना दिसली. मला वाटलं, टपालवाला. अगदी अंगावर आली तेव्हा कळलं, हे तर शारदाचे पाठक गुरुजी! गुरुजी पुण्याकडचे, नुकतेच बदलून आलेले, बोलणं एकदम शुद्ध.

"किसनराव, बरं झालं भेटलात. शारदेला नंबर आलाय, असं मला वाटतं."

सहामाही परीक्षा नुकतीच झाली होती. माझ्या हातातली पिशवी सुटता सुटता राहिली! आता आमच्याकडं नंबर 'पोरीचा' येतो आणि गुरुजी म्हणाले 'पोरीला'. पण मी म्हटलं, असेल पुण्याकडची तऱ्हा. आपण कशाला त्यांचं व्याकरण काढावं?

"मला वाटलंच हुतं, गुरुजी!"

"वाटलं होतं? मग आधी का नाही बोललात?"

"आपल्याच पोरीचं आपुन काय सांगावं? तुमच्या ध्यानात येईलच की!"

"ते आलं हो माझ्या ध्यानात. बरं, घरात आणखी कुणाला आहे का? हे बहुतेक घराण्यातूनच येतं."

घराणं म्हटल्यावर माझी छाती फुगली. "हाय की! मलाच हाय. अगदी ल्हानपणापासून."

"तरीच! तुम्हाला कितीचा?"

"एक!" मी बोट वर केलं. "कायम एक. कंदी दोन झाला न्हाई."

"इतक्या वर्षांत वाढला नाही? नशीबवान आहात."

"नशीब कशाचं, गुरुजी? मेहनत!"

गुरुजींनी माझ्याकडं जरा चमत्कारिक बघितलं. मला वाटलं, आदरानं बघतायत.

"हिचा मात्र वाढेल हं," ते म्हणाले. "या वयात आला की वाढत जातो. जपायला हवं. सारखं पुस्तकात डोकं घालून बसू देऊ नका. मोकळ्यावर खेळू द्या, लांबवर बघू द्या. आणि एकदा परभणीला नेऊन आणा. नक्की किती, ते तिथं कळेल."

एवढं बोलून गुरुजी गेले आणि मी तिथंच उभा राहून त्याचा अर्थ लावला. मी कचेरीतला माणूस, अर्थ लावणं हा माझा धंदाच! परभणीला कळेल, म्हणजे जिल्ह्यात कितवा नंबर ते परभणीला ठरणार. वाढेल, म्हणजे एकाचा दोन होईल, दोनाचा तीन होईल. पोर घसरेल! छे छे, ते कसं चालेल? आणि ते खेळू द्या बिळू द्या? ते गुरुजी बाकीच्या पोरांच्या कळवळ्यापोटी बोलले असतील. त्यांनाही कधी पहिला नंबर मिळायला नको का?

मी तसाच वळलो आणि हलवायाच्या दुकानात शिरलो.

घरी आलो तो ओरडतच. "गया! शारदाला नंबर आला!"

मीसुद्धा आता 'शारदाला'च म्हणायला लागलो होतो. ऐटच वेगळी!

गया पीठ मळत होती. "नंबर? पर ती तर म्हणायली हुती, गणितं चुकली म्हून."

"गणितं चुकूनबी पहिली! मंग बाकीच्याचं काय झालं असंल, बघ!"

शारदा कोपऱ्यातून म्हणाली, "बाबा, गुरुजी मला तर काईच बोलले न्हाईत."

"थोर माणसं तोंडावर सांगत नसतेत, बाळा."

गयानं लगेच मीठमोहरी घेऊन पोरीची नजर उतरवली. त्या दिवशीच नव्हे, पुढं रोज. कारण मी गल्लीत पेढे वाटले, कचेरीत वाटले, एस.टी.च्या कंडक्टरला चालत्या गाडीत वाटले. एवढ्या लोकांच्या तोंडी लेकराचं नाव गेल्यावर नजर नाही का लागायची?

आणि मी काय केलं? गुरुजींनी सांगितलं त्याच्या बरोब्बर उलटं. पोरीचं खेळणं बंद! मैत्रिणी दारात येऊन हाका मारायच्या, "शारदे, चल की लंगडी खेळू!" की मी बाहेर येऊन म्हणायचो, "पळा गं! नंबरवाली पोर हाय ती!" सुट्टीच्या दिवशी ती आबांकडं मेंढरांत जायची, तेही बंद केलं. शाळेतून आली की पुस्तक, जेवण झालं की पुस्तक. बिचारी मुकाट्यानं वाचायची. तिचं तोंड आता पुस्तकामागं दिसतसुद्धा नव्हतं.

कचेरीत आमचे पेशकार, म्हणजे साहेबापुढं कागद ठेवणारे वरचे कारकून, म्हणाले, "किसनराव, नुस्त्या पेढ्यावर भागवता का? गुरुजींचा सत्कार करा!" मी कुणी सुचवायचीच वाट बघत होतो. रविवार ठरला. आबांची मेंढरं त्या दिवसांत जिंतूरजवळच्याच एका शेतात खतासाठी बसायला होती. त्यांना निरोप धाडला, पोरीला नंबर आलाय, या.

रविवारी आमच्या अंगणात सतरंजी अंथरली. गल्लीतली माणसं, कचेरीतले लोक, दाराशी बायका. आबा खांद्यावर घोंगडी, हातात काठी आणि नातीसाठी धोतराच्या सोग्यात बोरं घेऊन आले आणि खांबाला टेकून बसले. पाठक गुरुजी आले ते कशाला बोलावलंय हे न कळताच. मी त्यांच्या अंगावर शाल टाकली, हातात नारळ दिला आणि भाषणाला उभा राहिलो.

काय बोललो म्हणता? आबांनी हुशारी हेरली, तिथून सुरू केलं! खानदानात हुशारी कशी वाहत असते, मुळात असली म्हणजे ती लेकरात कशी उतरते, शारदाला जे मिळालं ते बापाकडून कसं मिळालं. "हे जे काही पोरीला आलंय," मी आवाज चढवून म्हणालो, "ते सगळं माज्याकडून आलंय!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबा तेवढे खाली बघत होते. मला वाटलं, कौतुकानं गहिवरले.

मग गुरुजी उठले. नारळ या हातातून त्या हातात घेतला.

"किसनराव, काहीतरी घोटाळा होतोय. मी म्हणालो होतो, तो डोळ्याचा नंबर. शारदेला लांबचं दिसत नाही. तिला चष्मा लागणार आहे."

अंगणात अशी शांतता पसरली की ओसरीवरची कोंबडी खाली उतरली तेही ऐकू आलं. पेशकारांचा पेढा तोंडाशीच थांबला. त्यांनी तो हळूच ताटात परत ठेवला. अर्धा खाल्लेला होता हो!

"अन् वर्गातला?" मी कसंबसं विचारलं.

"वर्गातला..." गुरुजी अडखळले. "शेवटून चौथा. मुलगी हुशार आहे, पण फळ्यावरचं दिसलं तर लिहील ना! असंच चाललं तर पुढच्या वर्गात कशी घालणार?"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. दारातल्या बायकांत कुजबुज सुरू झाली. एवढ्याशा पोरीला ऐनक? लगीन कसं व्हायचं? गयाचे डोळे भरून आले. "मी रोज नजर उतरवायली हुते," ती म्हणाली, "ती खरंच उतरली की वं माय!"

अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसतो. मी बोललो!

"गुरुजी, हे आमच्याकडचं न्हाई. मेंढक्याच्या घरात कुठं अशी नजर असते का? हे हिच्या माहेराकडून आलं असंल!"

गया डोळे पुसून उभीच राहिली. "माज्या माहेराकडून? माजा बाप गंगाखेडला घाटावर बसून गोदागंगेच्या पल्याडचं माणूस वळखतो! नावानिशी!"

"पण किसनराव," गुरुजी म्हणाले, "त्या दिवशी तुम्हीच सांगितलंत, तुम्हाला एक नंबर आहे म्हणून."

"तो वर्गातला, गुरुजी!"

मग मात्र अख्खं अंगण हसलं. पेशकार तर गुडघ्यावर थापा मारून हसले. त्या हसण्यानं माझं डोकंच फिरलं. मी म्हणालो, "ते काई न्हाई! ऐनक लागणार न्हाई! आमच्या खानदानात कुणी ऐनक लावली न्हाई अन् पोरगीबी लावणार न्हाई!"

तेव्हा शारदा उठली. माझ्या धोतराचा सोगा धरून हळूच म्हणाली, "बाबा, मला फळा खरंच दिसत न्हाई. गुरुजी लिवतेत तव्हा मला नुस्ता खडूचा आवाज येतो."

इतके दिवस पोर खडूचा आवाज ऐकत बसली होती आणि मी पेढे वाटत होतो. तिला तिथंच उचलून पोटाशी धरावं असं वाटलं. पण चार माणसांत एकदा तोंडातून 'नाही' गेलेलं! मी तसाच ताठ उभा राहिलो.

तोवर आबा काठी टेकत उठले. "गुरुजी, हे घराण्यातून येतं म्हणलाव न्हवं?"

"बहुधा, आबा."

"बरं. किसन्या, परसात चल."

आमच्या परसामागं ओढा आणि ओढ्यापलीकडं टेकाड होतं. सगळी सभा माझ्या मागोमाग परसात! आबांनी काठीनं टेकाडाकडं दाखवलं.

"तितं काय दिसायलंय, सांग."

टेकाडावर पांढरं पांढरं काहीतरी पसरलेलं होतं. मी मनात म्हटलं, मेंढपाळाच्या पोराला हे विचारतायत? "मेंढरं हायेत की, आबा! आपलीच दिसायलीत. अन् ते कडंचं कोकरू बघा, कसं उड्या मारायलंय! लय खोडकर हाय."

गया तोंडाला पदर लावून म्हणाली, "आवं, परटानं धुणं वाळत घातलंय ते. अन् ते उड्या मारणारं कोकरू तुमचाच सदरा हाय. उद्या कचेरीला घालायचा."

किती हसले म्हणता! गुरुजींच्या हातून नारळ पडला. पाठीमागचा एकजण हसता हसता आमच्या गोवऱ्यांच्या ढिगावर बसला.

आबा मात्र हसले नाहीत. काठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाले, "किसन्या, तुला शाळंत कामून घातलं, ठाव हाय?"

"हुशारी हेरली म्हून..."

"हेरली! धोंड्याला 'हुर्र हुर्र' करून हाकायचास तू. धोंडा हलंना की त्याला काठीनं मारायचास. सकाळी आपली मेंढरं घेऊन जायचास अन् सांजच्याला दुसऱ्याची घेऊन यायचास. रोज कुणीतरी भांडाया दारात! अन् त्या दिवशी तर लांडगा आला. तू 'मोत्या, मोत्या' करून त्याला भाकर टाकलीस. आपला मोत्या कुत्रा इकडं माज्या पायाशी! लांडगाबी बिचारा बुचकळ्यात पडला. भाकर हुंगून निघून गेला म्हून वाचलास. तव्हा म्हणलं, ह्याला शाळंत घालावं. तितं मेंढरं नसतेत अन् लांडगंबी नसतेत."

जी गोष्ट मी न्हाव्यापासून तहसीलदारापर्यंत सगळ्यांना ऐकवली होती, तिची ही मूळ प्रत!

"मंग आबा, तुमी मला असं का सांगितलं, की..."

"काय सांगणार?" आबांचा आवाज एकदम मऊ झाला. "पोरं तुला आंधळा म्हणायली हुती. तू रडत आलास. म्या म्हणलं, माजं लेकरू आंधळं न्हाई, हुशार हाय, म्हून शाळंत घालायलोय. तू रडायचा थांबलास. मंग म्या तेच समद्या गावाला सांगितलं. तुला ते इतकं खरं वाटलं की तू हुशारच निघालास, लेका! मरस्तोवर बोललो नसतो. पर आता पोरीचं वाटोळं हुयाची येळ आली, म्हून तोंड उघडलं."

मी आबांच्या पायावर डोकं ठेवलं. तिथवर मात्र दिसत होतं.

दुसऱ्याच दिवशी मी आणि शारदा परभणीला. डोळ्याचे डॉक्टर मोठे मिश्कील. त्यांनी आधी पोरीला तपासलं. भिंतीवरच्या तक्त्यावरच्या वरच्या दोन ओळी तिनं वाचल्या आणि थांबली. मग मला बसवलं.

"वाचा."

"काय वाचू?"

"भिंतीवरचा तक्ता."

"तिथं तक्ता हाय होय? मला वाटलं, खिडकी हाय."

डॉक्टरांनी हातातली बॅटरी खाली ठेवली. "अहो, तुम्ही इथवर आलात कसे?"

"पोरीनं आणलं," मी म्हणालो. खरंच होतं ते. गाडीत बसल्यापासून तिनंच माझं बोट धरलं होतं.

डॉक्टरांनी मग नीट समजावलं. हे असं बापाकडून, आईकडून लेकरांत उतरतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण घराण्यात असलं म्हणजे जास्त जपावं लागतं. लेकरू दिवसभर पुस्तकात नाक घालून घरात बसलं की नंबर आणखी भरभर वाढतो. उजेडात वाचू द्यावं, मधेमधे उठवावं, उघड्या रानात खेळू द्यावं. म्हणजे गुरुजींनी सांगितलं होतं तेच सगळं! मी मान खाली घालून ऐकत होतो.

"आणि चष्मा लावायला लाजू नकोस हं," ते शारदाला म्हणाले. "बाबांचा तुझ्यापेक्षा दुप्पट जाड आहे."

आठवडाभरानं दोघांचे चष्मे तयार झाले, ते आणायला पुन्हा परभणीला गेलो. परतीच्या गाडीत शारदानं खिडकीतून दिसेल ती पाटी मोठ्यानं वाचली. दुकानांच्या, गावांच्या, मैलाच्या दगडांच्या, बिडीच्या जाहिरातींच्या. शेवटी कंडक्टर म्हणाला, "बाई, आता मला जरा वरडू दे की!" मीही वाचत होतो, पण मनात. इतक्या वर्षांनी पाटीवरचं 'जिंतूर' मी लांबून वाचलं आणि माझा ऊर भरून आला. पोरीला बाप रडताना दिसू नये म्हणून तोंड फिरवलं, तर ती म्हणाली, "बाबा, मला आता सगळं दिसायलंय हां."

गल्लीच्या तोंडाशी आलो. आमच्या दारात गया उभी होती. तिचं तोंड एवढ्या लांबून मी पहिल्यांदाच बघत होतो. ती हसत होती. जवळ जाऊन विचारलं, "आज एवढी कामून हसायलीस?"

"आज?" ती म्हणाली. "मी तर रोजच हसते. तुमी रोज आधी शेजाऱ्याच्या दारात पाय ठिवता, मंग माघारी फिरता. आज पहिल्यांदाच नीट घरी आलाव."

इतकी वर्षं मी समजत होतो की बायको दारात माझी ओढीनं वाट बघत उभी असते!

असो. शारदाचं सगळं मार्गी लागलं. ती पाचवीत गेली, मैत्रिणी पुन्हा दारात हाका मारायला लागल्या आणि मी त्यांना हाकलेनासा झालो. दर रविवारी ती आबांकडं मेंढरांत जायला लागली. डॉक्टरांनीच सांगितलेलं ना, उघड्या रानात! आणि एका रविवारी मलाही हुक्की आली. म्हटलं, आता आपल्याला दिसतंय! लहानपणीचा कलंक धुऊन टाकायचा!

"आबा," मी म्हणालो, "आज तुमी बसा. मेंढरं मी राखतो."

आबांनी माझ्याकडं बघितलं, माझ्या चष्म्याकडं बघितलं आणि काठी माझ्या हातात दिली. "जा, लेका."

काय सांगू, असा दिवस आयुष्यात नाही गेला! पलीकडच्या टेकाडावर कोण माणूस आहे ते दिसत होतं. झुडूप ते झुडूप आणि धोंडा तो धोंडा. एकाही धोंड्याला मी हाकललं नाही. सांजच्याला मेंढरं वळवली आणि रुबाबात मेंढवाड्याकडं आलो. आबा आणि शारदा बाहेरच उभे होते. मी लांबूनच ओरडलो, "आबा, बघा! सगळी आणली!"

शारदानं चष्मा नाकावर सरकवला आणि अजून चांगली हाकेच्या अंतरावर होतो मी, तोच ती म्हणाली, "बाबा, ती काळ्या कानाची आपली न्हाई. ती पल्याडच्या वाड्यावरची हाय. अन् आपली लंगडी मेंढी कुठं ऱ्हायली?"

मी मागं वळून बघितलं. काळ्या कानाची मेंढी माझ्याकडं बघत उभी होती. लख्ख दिसत होती हो!

आबांनी काठी माझ्या हातातून काढून घेतली आणि नातीच्या हातात दिली.

"मंजी डोळ्याचा दोष न्हवताच तर," ते म्हणाले. "बरं झालं, शाळंत घातलं. ह्या कामात पोरीचा पहिला नंबर."

पोरीचा, बरं का! पोरीला नव्हे! मग काय करणार? आमच्या घराण्याची रीत! सोमवारी सकाळी हलवायाच्या दुकानात गेलो आणि पेढे घेऊन सरळ कचेरीत शिरलो. पेशकारांनी पेढा हातात धरला, पण तोंडात घालेनात.

"किसनराव, आधी सांगा, ह्या बारीला कशाचा नंबर?"

"खावा बिनघोर," मी म्हणालो. "ह्या बारीला पोरीचा पहिला नंबर खराखुरा हाय. शेवटचा मीच हाय."